नस म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न थोडक्यात असा. बार्शी तालुक्यातल्या एका मुलाने वडिलांबद्दल विचारलंय. अण्णांचं वय ६३, मधुमेह चौदा वर्षांचा, बिडी पस्तीस वर्षांची. दोन वर्षांपासून चालताना डावी पोटरी भरून येते, थांबलं की उतरते. 'मणक्यात नस दबली' म्हणून एमआरआय झाला, गोळ्या झाल्या, कमरेचा पट्टा झाला. दीड महिन्यापूर्वी डाव्या अंगठ्याला नवी चप्पल लागली. ती जखम भरेना, आणि आता टोक काळं पडलंय. तालुक्याच्या डॉक्टरांनी अंगठा काढावा लागेल म्हणून सांगितलं. आता 'नसांचा डॉक्टर' कुठे शोधायचा? आणि मी ३६ वर्षांचा आहे, मला हे होऊ नये म्हणून आतापासून काय करू? आई ठणठणीत आहे, मशेरी सोडली तर तिला कसलं व्यसन नाही.

आधी घाईचं बोलू, बाकीचं सावकाश वाचा. अण्णांचा पाय सुजून लाल झाला असेल, जखमेला घाण वास येत असेल, पू दिसत असेल, थंडी वाजून ताप येत असेल किंवा साखर एकाएकी खूप वाढली असेल, तर हे उत्तर इथेच सोडा आणि आजच मोठ्या दवाखान्यात न्या. यातलं काहीच नसेल, काळा भाग कोरडा, सुरकुतलेला असेल, तरी तुमच्या हातात महिने नाहीत. याच आठवड्यात दाखवा. तोवर जखम स्वच्छ, कोरड्या ड्रेसिंगखाली ठेवायची. हळद, चुना, कोरफड, कुणी दिलेला लेप, काही नको. गरम पाण्याचा शेक तर मुळीच नको. का, ते पुढे येईल.

आता तुमच्या पत्रातला एक शब्द घेतो: नस.

आपल्या मराठीत हा फार ऐसपैस शब्द आहे. मणक्यातून निघते आणि पायाला मुंग्या आणते ती नस. सलाइन लावताना सिस्टरला सापडत नाही तीही नस. एसटीच्या कंडक्टरच्या पोटरीवर निळ्या गाठींसारखी फुगते ती नस, आणि हृदयात 'ब्लॉक' होते तीही नसच. रात्री झोपेत पोटरीला वांब आला की 'नसेवर नस चढली'. शाळेत आपण वेगवेगळी नावं शिकलो होतो: हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी, परत आणते ती नीला, आणि संवेदना वाहून नेतो तो चेतातंतू. परीक्षा झाली आणि तिन्ही परत एकाच खुंटीला टांगल्या. बोलण्यापुरतं हे चालतं. दवाखान्यात मात्र याची किंमत मोजावी लागते, कारण 'नसेचं दुखणं' असं सांगून माणूस निघतो आणि पोचतो भलत्याच दारात. माझ्याकडे पाय काळा पडल्यावर येणाऱ्यांत असे कितीतरी असतात, ज्यांच्या पिशवीत मणक्याच्या दोन-दोन एमआरआयच्या फिल्मा असतात आणि पायाची नाडी मात्र एकदाही कुणी पाहिलेली नसते. साठीच्या माणसाचा एमआरआय काढला तर मणक्यात काही ना काही झिजलेलं, दबलेलं बहुतेक वेळा दिसतंच. ते खरं असतं, पण पोटरी त्यानेच दुखते असं त्यावरून ठरत नाही.

फरक ओळखायला मशीन लागत नाही. अण्णांना विचारा, घरून निघाल्यावर कुठपर्यंत गेलं की पोटरी भरते? रोहिणी आकसलेल्या माणसाचं उत्तर ठरलेलं असतं. मारुतीच्या देवळापर्यंत म्हणजे मारुतीच्या देवळापर्यंत, रोज तिथेच. चढ असला तर त्याच्या आधी. आणि नुसतं उभं राहिलं तरी दोन ते पाच मिनिटांत पोटरी मोकळी होते. गंमत म्हणजे अशी माणसं चारचौघांत थांबल्याचं कळू नये म्हणून दुकानांच्या पाट्या वाचत उभी राहतात. मणक्याच्या दुखण्याला नुसतं उभं राहणं पुरत नाही. बसावं लागतं, पुढे वाकावं लागतं. तो माणूस हँडलवर वाकून सायकल मजेत चालवतो. रोहिणीवाल्याची पोटरी सायकलवरही भरते. तुम्ही लिहिलंय 'थांबलं की उतरते', आणि माझ्या कामाची गोष्ट तिथेच सुरू होते. (पोटरीऐवजी कुल्ला आणि मांडी भरून येत असेल, तर अडथळा पोटाच्या खाली, वरच्या मोठ्या रोहिणीत असतो. अशा पुरुषांना बऱ्याचदा लैंगिक ताठरतेचाही त्रास असतो. पेशंट ते सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत.)

आता अण्णांना खाटेवर आडवं करा. पायाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या फटीतून सरळ घोट्याच्या दिशेने वर या आणि साधारण मधोमध तुमची तीन बोटं हलकीच टेकवा. दाबू नका, दाबलं तर तुमच्याच बोटाची नाडी तुम्हाला लागते. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या हाडामागे, हाड आणि टाच यांच्या मधल्या खोबणीत. आधी स्वतःच्या पायावर सराव करा, मग अण्णांच्या उजव्या पायावर, मग डाव्या. काही निरोगी माणसांतही वरची नाडी जन्मापासून लागत नाही, पण घोट्यामागची सहसा लागते. एका पायात दोन्ही लागत नाहीत आणि दुसऱ्यात टणटण लागतात, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

रंगही बघा. पाय मिनिटभर उंच धरला तर पांढराफटक पडतो का? मग खाटेखाली लोंबता सोडला तर हळूहळू लालबुंद, जांभळट होतो का? ही लाली आजाराची खूण आहे. ती जंतुसंसर्गाची समजून लोकांना अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स दिलेले मी पाहिलेत. आणि रात्री अण्णा पाय खाटेखाली सोडून झोपतात का, उठून खुर्चीत बसतात का, हे आईंना विचारा. पाय लोंबता ठेवल्याने बरं वाटत असेल, तर रक्त फक्त उताराने पोचतंय. तिथून जखम भरण्याची आशा नाही.

यापुढची तपासणी म्हणजे घोट्याचा रक्तदाब. दंडाला बांधतो तोच पट्टा घोट्याच्या वर बांधायचा, हाताएवढ्या डॉपलर यंत्राने नाडीचा आवाज ऐकायचा आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. याला एबीआय म्हणतात. १ ते १.४ चांगलं. ०.९ किंवा त्याखाली आलं तर रोहिण्या आकसल्यात. ०.४ च्या खाली गेलं तर पाय धोक्यात. दुखत नाही, सुई नाही, एकदोन पट्टे आणि पंधरा मिनिटं. एक खोच आहे: जुन्या मधुमेहात रोहिणीच्या भिंतीत चुना साठून ती लोखंडी नळीसारखी कडक होते, पट्ट्याने दबतच नाही, आणि आकडा १.४ च्याही वर जातो किंवा खोटाच 'नॉर्मल' येतो. म्हणून अण्णांच्या बाबतीत पायाच्या अंगठ्याचा वेगळा दाब मोजायला सांगा. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरखाली असेल तर जखम आपोआप भरायची वाट पाहण्यात अर्थ नाही.

अंगठा कापण्याबद्दल. इथे मी माझीच एक गोष्ट सांगतो. सर्जरीची रेसिडेन्सी करत असताना एका सरकारी रुग्णालयात माझ्या टेबलावर असाच एक मधुमेही आला. अंगठा काळा. वॉर्डात चाळीस पेशंट, ड्यूटी छत्तीस तासांची. मी नाडी पाहिली नाही. अंगठा काढला, छान टाके घातले आणि पुढच्या केसकडे वळलो. चौथ्या दिवशी टाक्यांच्या कडा काळ्या. मग अर्धं पाऊल गेलं. मग गुडघ्याखाली पाय. तो माणूस डिस्चार्जच्या दिवशी मला म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही लई धावपळ केली माझ्यासाठी." मी व्हॅस्क्युलरकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीकडे वळलो त्याला इतरही कारणं होती, पण हे वाक्य त्यांतलं एक.

हिशेब साधा आहे. कापलेली जागा भरायला न कापलेल्या जागेपेक्षा जास्त रक्त लागतं. जिथे चपलेचा ओरखडा भरला नाही तिथे सुरीची जखम कशी भरणार? म्हणून आधी रक्त, मग सुरी. आधी रोहिणी उघडायची, पाय कोमट होऊ द्यायचा, मग जेवढं मेलंय तेवढंच काढायचं. कित्येकदा मग अख्ख्या अंगठ्याऐवजी टोकावर भागतं. याला अपवाद एकच: पू साठलेला, ओला, सडणारा पाय. तिथे पू आधी काढावाच लागतो, त्याच दिवशी, नाहीतर जीव जातो. रक्ताचं त्यानंतर लगेच बघायचं. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांवर रागावू नका. अंगठा कदाचित जाईलही. फक्त त्यांना विचारा, नाडी लागते का?

रोहिणी उघडण्याचे रस्ते दोन. एक, जांघेतून बारीक तार आणि फुगा घालून आतून. दुसरा, बायपास: अडथळ्याच्या वरून खालपर्यंत नवी वाट. त्यासाठी सगळ्यात चांगली नळी म्हणजे तुमच्याच पायातली लांब नीला. बिडीवाल्याचा अडथळा बहुधा मांडीत किंवा त्याच्याही वर असतो. मधुमेहवाल्याचा गुडघ्याखाली, जिथे रोहिण्या दोन-तीन मिलिमीटरच्या. अण्णांकडे दोन्ही आहेत, त्यामुळे दोन्हीकडे सापडला तर नवल नाही. आतून फुगवण्याची ही कल्पना आली ती पायावरूनच, हृदयावरून नव्हे. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टकडे ८२ वर्षांच्या एक बाई आल्या. बोटं काळी पडलेली, सर्जन पाय काढा म्हणत होते आणि बाई ऐकायला तयार नव्हत्या. डॉटरने मांडीतली आकसलेली रोहिणी आतून रुंद केली. बाई पुढे वारल्या तोवर स्वतःच्या दोन पायांवर चालत होत्या. हट्टी पेशंट कधीकधी विज्ञानाला उपयोगी पडतो.

याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. नुसती पोटरी भरून येते, जखम नाही, रात्रीचं दुखणं नाही, अशा माणसाला पहिल्याच भेटीत स्टेंट सुचवणाऱ्यापासून जपून राहा. अशा शंभरांपैकी सत्तर-ऐंशी जणांचं दुखणं पाच वर्षांनीही साधारण तेवढंच असतं. त्यांचा पाय क्वचित जातो. जातात ती माणसं हृदयविकाराने आणि अर्धांगाने, कारण जी काजळी पायात साठते तीच हृदयात आणि मानेतही. म्हणून त्यांना खरी गरज असते ती कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीची, रक्त पातळ ठेवणाऱ्या एका गोळीची, रक्तदाब-साखर ताब्यात ठेवण्याची आणि चालण्याची. चालायचंही रीतसर: पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं उतरलं की पुन्हा. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यात निदान तीनदा, किमान तीन महिने. चालण्याचं अंतर दुप्पट झालेली माणसं माझ्याकडे आहेत. सिलोस्टॅझॉल नावाची गोळीही अंतर वाढवते, पण हृदय अशक्त झालेल्यांना ती द्यायची नसते. म्हणून शेजाऱ्याची गोळी खाऊ नका. अण्णांना मात्र हा चालण्याचा सल्ला आज लागू नाही. जखम असताना त्या पायावर भार जितका कमी तितका बरा.

आता तंबाखू. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळ्या गोळ्या एकत्र केल्या तरी बिडी सोडण्याची बरोबरी होत नाही.

१९०८ साली न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्गर या डॉक्टरने कापलेले पाय तपासून एका रोगाचं वर्णन केलं. तो रोग आज त्याच्या नावाने ओळखला जातो. तो पस्तिशीतल्या, कोलेस्टेरॉल वगैरे काही नसलेल्या, तंबाखू घेणाऱ्या माणसाच्या हातापायांच्या बारीक रोहिण्या बंद करतो. आपल्याकडे तो बिडीबरोबर येतो. इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पायाची तीन बोटं गेलेली, हाताची एक. फुगा घालायला जागाच नव्हती, कारण पुढे रोहिणी उरलीच नव्हती. त्याला मी एकच औषध सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, आता दिवसाला दोनच ओढतो." या आजाराला दोनही पुरतात. दोन चालू ठेवल्या आणि पुढच्या वर्षी तो गुडघ्याखाली पाय देऊन गेला. त्यानंतर सोडली. आज सहा वर्षं झाली, दुसरा पाय शाबूत आहे. कुबडी टेकवून तपासणीला येतो आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजावतो.

आणि 'तंबाखू' हा शब्दही 'नस'सारखाच फसवा आहे, फक्त उलट्या बाजूने. तो ऐसपैस नाही, फार आखूड आहे. माझ्या ओपीडीतला हा संवाद महिन्यातून चारदा होतो.

"मावशी, तंबाखू खाता?"

"अगंबाई, नाही हो!"

"मशेरी?"

"ती तर दात घासायला."

"दिवसातून किती वेळा दात घासता?"

यावर मावशी हसतात, आणि सून मागून सांगते, "चार-पाच वेळा."

तव्यावर काळी भाजली म्हणून तंबाखूतलं निकोटीन उडून जात नाही. हिरड्यांतून ते थेट रक्तात जातं.

सोडायचं कसं? धाक दाखवून कुणी सोडत नाही. एक तारीख ठरवा. अण्णांच्या बाबतीत ती दवाखान्यात भरती होण्याची तारीख ठरवा, कारण वॉर्डातले पहिले दिवस आपोआप निभावतात. निकोटीनचे च्युइंगगम आणि पट्ट्या मिळतात, पण बर्गरचा आजार असेल तर त्यांतलं निकोटीनही नको. तिथे डॉक्टरांशी बोलून दुसरी गोळी घ्या. तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे समुपदेशक बोलतात. घरातल्या इतरांनी अण्णांसमोर ओढू नये हे सांगायला नको. तुम्ही स्वतः ओढता की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी ते वाचलं.

तर तुमच्याबद्दल. ३६ व्या वर्षी हा प्रश्न विचारणारी माणसं कमी. वडिलांना मधुमेह आणि रोहिण्यांचा आजार आहे म्हणजे तुमचा पाया थोडा कच्चा आहे. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासा. पोटाचा घेर बघा. सीबीसी-थायरॉइड-व्हिटॅमिन असल्या नव्वद तपासण्यांच्या पॅकेजची तुम्हाला गरज नाही. लक्षणं नसताना पायाचा डॉपलर किंवा सीटी अँजिओग्राफी करून घेण्याचीही नाही. पुढेमागे स्टॅटिन सुरू झालीच, तर 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून बंद करू नका. तो गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो. आणि लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर उकळून मध घालून केलेलं जे पेय मोबाइलवरून फिरतं, ते प्यायला माझी हरकत नाही. त्याने ब्लॉकेज उघडत नाही. सलाइनमधून देतात ती 'चिलेशन' थेरपीही पायाच्या रोहिण्या उघडते असा पुरावा नाही, आणि ती स्वस्तही नाही.

शेकाचं राहिलं. मधुमेहात पायाची जाणीव जाते. पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही आणि भाजलेली कातडी भरायला रक्त नसतं. वॉटरबॅगने भाजलेले तळवे दर थंडीत येतात. चैत्र-वैशाखात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून फोड आलेलेही येतात. देवाला मोजे चालतात, मी पुजाऱ्यांना विचारून ठेवलंय. भोवरी ब्लेडने कापायची नाही, कॉर्नची औषधी पट्टी लावायची नाही. तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं. एमसीआर (मऊ, सच्छिद्र रबर) तळव्याची, मागून पट्टा असलेली चप्पल घ्या आणि ती संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. रोज रात्री कुणीतरी अण्णांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या बॅटरीने बघायच्या. खेड्यातल्या घरात झोपेत उंदराने बोट कुरतडलं आणि सकाळी चादरीवर रक्त दिसल्यावर कळलं, असे पेशंट खरोखर असतात. ऐकायला भयंकर वाटतं, म्हणून तर सांगतोय.

बाकीच्या नसांबद्दल भराभर. निळ्या फुगलेल्या नीला बहुधा जिवाला धोका नसतात. लेसरने किंवा तसल्याच उपायांनी बऱ्या होतात, आणि दाबाचे मोजे चांगले. पण रोहिणी आकसलेल्या पायात तेच मोजे पाय मारू शकतात, म्हणून घोट्याचा दाब मोजल्याशिवाय मोजे घेऊ नका. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखरी आणि गरम झाली, विशेषतः ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर किंवा मुलांकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या आईबाबांच्या लांबच्या विमानप्रवासानंतर, तर ती नीलेतली गुठळी असू शकते. तेल लावून चोळू नका, त्याच दिवशी डॉपलर (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) करा. त्यातच दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीला. पाय एकाएकी पांढरा, गार, बधिर पडून जीवघेणा दुखू लागला तर सहा तासांचं घड्याळ सुरू झालं म्हणून समजा. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, मग ते दहा मिनिटांत बरं का होईना, तीही मानेतल्या रोहिणीची घंटा असू शकते. बरं झालं म्हणून घरी बसू नका. बरं झालं नाही तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनला साडेचार तासच मिळतात. आणि आयुष्यात कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषाने पासष्टीनंतर एकदा पोटाची सोनोग्राफी करून महारोहिणी फुगली नाही ना ते बघावं. अण्णांना दोन वर्षं बाकी आहेत, पण आता तपासण्या होतीलच, तर त्यातच करून घ्या.

डॉक्टर कुठे शोधायचा? 'नसांचा डॉक्टर' असं विचारलंत तर लोक न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतील. विचारायचा शब्द 'व्हॅस्क्युलर सर्जन'. पाटीवर एम.सीएच. किंवा डी.एन.बी. व्हॅस्क्युलर सर्जरी बघा. सीव्हीटीएस, म्हणजे हृदय-छाती-रक्तवाहिन्यांचे सर्जनही हे काम करतात, पण त्यांतल्या अनेकांचा दिवस हृदयातच जातो. फुग्याचं काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (एक्स-रेवर बघत तारेने उपचार करणारे) उत्तम करतात, काही हृदयरोगतज्ज्ञही करतात. मी यात जातपात मानत नाही. हात कुणाचा बसलेला आहे ते महत्त्वाचं. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. व्हॅस्क्युलर सोसायटी ऑफ इंडिया ही या शाखेची देशातली संघटना. तिच्या सभासदांतही शोधा.

एक आडवाटही सांगतो. तुमच्या जवळच्या डायलिसिस सेंटरवर जा आणि तिथल्या टेक्निशियनला विचारा, कुणाच्या हातचे फिस्टुला चांगले चालतात? डायलिसिससाठी हातातली रोहिणी आणि नीला जोडतात तो फिस्टुला. तो अनेक ठिकाणी व्हॅस्क्युलर सर्जन करतात, काही ठिकाणी युरोलॉजिस्ट किंवा प्लास्टिक सर्जन. टेक्निशियन रोज त्याच नसेत सुई घालतो. कुणाचा टाका कसा आहे हे त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नसतं, आणि तो जाहिरात करत नाही. तुम्हाला सोलापूर आधी, तिथे जमलं नाही तर पुणे. मुंबईत केईएम, जेजे यांसारख्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत सीव्हीटीएस विभाग आहेत. गोव्याकडच्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं रुग्णालय निवडा. दारातच आरोग्यमित्राचा काउंटर असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती व्हायच्या आधी त्याला भेटा, नंतर नव्हे. मंजुरी आधी लागते आणि अण्णांना लागणारी शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का तेही तोच सांगेल.

पहिल्या भेटीत डॉक्टरची परीक्षा तुम्हीच घ्या. त्याने दोन्ही पायांचे मोजे-चपला काढायला लावल्या का? वाकून, जांघेपासून घोट्यापर्यंत नाड्या हाताने पाहिल्या का? फक्त रिपोर्ट वाचून फुगा किंवा सुरी सांगितली तर दुसरीकडे जा. मग विचारा: अंगठ्याचा दाब किती? फुगा चालला नाही तर बायपास तुम्ही करता की दुसरं कुणी? काहीच केलं नाही तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नाने चांगला डॉक्टर चिडत नाही, खुर्ची पुढे ओढतो.

सोबत काय न्यायचं: सध्याच्या गोळ्यांची पाकिटं (नावं लिहून नव्हे, पाकिटंच), क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट, आणि अँजिओग्राफी झाली असेल तर तिची सीडी. छापील रिपोर्टवर मी ऑपरेशन ठरवत नाही, चित्र बघून ठरवतो. अँजिओग्राफीचं औषध किडनीला जड जातं, म्हणून क्रिएटिनिन आधी; मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही आठवणीने सांगा.

आणि जाताना आईंनाही गाडीत घ्या. अण्णांची तपासणी होईल तेव्हा त्या शेजारच्या स्टुलावर बसलेल्या असतील; डॉक्टरांना म्हणा, यांच्याही पायाची नाडी बघता का? तुम्ही त्यांना ठणठणीत म्हणालात. चालताना त्या मध्येच कुणाशी बोलायला थांबतात का, ते तुम्ही कधी पाहिलंय?